तुमचं गाव कोणतं?

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासद भगिनीने केलेल्या निरोपाच्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातले थोडे भाग गाळून जसाच्या तसा देत आहोत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. या हॉलमध्ये इतकी वर्षं माझी जागा स्टेजच्या मागे, मोदकपात्रापाशी. परवा सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, मे महिन्यात तुम्ही दोघं पुण्याला चाललात. जाण्याआधी चार शब्द बोला." कशावर बोलू विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या त्या रविवारच्या फिरण्यावर." म्हणून उभी आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. हे समोर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे मला खोटं बोलायचीही सोय नाही.

लग्न होऊन मी १९८८ साली विशाखापट्टणमला आले. पोलाद कारखान्याची वसाहत, उक्कुनगरम. 'उक्कु' म्हणजे पोलाद हे तेलुगूतलं मी शिकलेलं पहिलं नाव. वसाहतीत सगळं होतं. शाळा, दवाखाना, बाजार, आपला गणपती, हळदीकुंकू. शहर पंचवीसेक किलोमीटरवर, पण तिकडे जायचं कशाला? महिन्यातून एकदा जगदंबा जंक्शनला खरेदी, आणि गावाकडून पाहुणे आले की ठरलेली तीन ठिकाणं: सिंहाचलम, आर. के. बीच आणि कैलासगिरी. पाहुणे बदलायचे, फोटो तेच.

अशी एकोणतीस वर्षं गेली. यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आपलं इथं काय आहे? नोकरी संपली की आपण आपल्या गावी." मीही मान डोलवायचे. कुणी तेलुगू माणसाने 'मीदी ए ऊरु?' म्हणजे 'तुमचं गाव कोणतं?' असं विचारलं की आमचं उत्तर तयार असे, "पूना."

२०१७ साली हे निवृत्त झाले. क्वार्टर सोडलं, सामान बांधलं, आणि पुण्याच्या फ्लॅटचा ताबा लांबला. वर्षभर लागेल म्हणाले. वर्षभरासाठी आम्ही एम.व्ही.पी. कॉलनीत भाड्याने जागा घेतली. निम्मी खोकी उघडलीसुद्धा नाहीत. त्यात यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. हे कॉलनीतल्या पार्कात गोल गोल चालायचे, बारा फेऱ्या, बोटांवर मोजून. आठवड्याभरात कंटाळले. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन हे सगळं पाहत होता. एक दिवस तो मला म्हणाला, "अम्मा, सर गोल का फिरतात? सरळ गेलं तर पंधरा मिनिटांत समुद्र आहे."

तिथून सुरुवात झाली.

यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. जन्मभर शिफ्टची वेळापत्रकं लावली. वहीत चार रकाने आखले: पहिला रविवार समुद्र, दुसरा जुनं शहर, तिसरा डोंगर, चौथा गावखेडं. पाचवा रविवार आला तर मी म्हणेन तिथे. नियम एकच, लागोपाठ दोन रविवार एकाच प्रकारची वाट धरायची नाही. मला वाटतं, फिरणं टिकलं ते या नियमामुळे. रोज तीच वाट चालली की पाय चालतात, डोळे झोपतात. वाट बदलली की डोळ्यांनाही काम लागतं.

आता या चार रविवारांविषयी थोडं सांगते.

समुद्राचा रविवार सगळ्यात सोपा. आर. के. बीचचा रस्ता पहाटे वाहनांना बंद असतो, तेव्हा तो चालणाऱ्यांचा. कालीमातेच्या देवळापासून निघायचं. कुरसुरा पाणबुडी वाटेत लागते. २००१ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वाळूवर येऊन संग्रहालय झाली. हे म्हणतात, निवृत्तीनंतर इतकी चांगली जागा फार थोड्यांना मिळते. पुढे लॉसन्स बे ओलांडून जोडुगुल्लपालेमपर्यंत गेलं की कोळ्यांची वस्ती लागते. होड्या येतात, बायका मासळीचा वाटा करतात, भाव ओरडून ठरतो. भाषा तेलुगू, पण सूर आपल्या कोळीणबाईंचाच. जानेवारीपासून इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खातं अंडी गोळा करून कुंपणात जपतं आणि पिल्लं पाण्यात सोडतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर येतात ती याच जातीची. एका पहाटे तळहाताएवढीही नसलेली ती पिल्लं पाण्याकडे सरपटताना पाहिली आणि हे पहिल्यांदा म्हणाले, "आपण इतकी वर्षं हे पाहिलं कसं नाही?" एक मात्र बजावून सांगते. इथला समुद्र दिसतो तसा नाही, पाय ओढून नेतो. वाळूवरून चाला, पाण्यात शिरू नका.

दुसरा रविवार जुन्या शहराचा. कुरुपाम मार्केटच्या कमानीपासून टाऊन हॉलच्या बाजूने बंदराकडे. गल्ल्या अरुंद, घरांना लाकडी खांब, कुठे अजून कौलं. बंदराच्या तोंडाशी तीन टेकड्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं देऊळ. तिन्ही चढून उतरायला एक सकाळ पुरते. वरून समोर डॉल्फिन्स नोजचा डोंगर आणि त्याच्या कुशीतून आत येणारी जहाजं दिसतात. बंदर १९३३ साली खुलं झालं. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बाँब टाकले ते याच भागात.

पलीकडे गोदी. बस कंडक्टर 'सिंधिया, सिंधिया' म्हणून ओरडतात तो थांबा तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. मी इतकी वर्षं ते तेलुगू नाव समजत होते. हे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. कंपनीने आपलं पहिलं जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलं, म्हणून नाव सिंदिया. आणि इथे गोदी काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४१ साली. तिथे बांधलेलं 'जलउषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. म्हणजे शिंद्यांचं नाव आणि सोलापूरची जिद्द आपल्या आधी इथे येऊन बसली होती, आणि आम्ही बसच्या खिडकीतून बघत पुढे जात होतो.

तिसरा रविवार डोंगराचा. भीमिली रस्त्यावर तोटलकोंडा आहे. कोंडा म्हणजे डोंगर, आणि दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून त्याचं हे नाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे बौद्ध भिक्षूंचा विहार होता. आपल्या लेण्यांत 'पोढी' म्हणून टाकी असतात, अगदी तशीच टाकी इथे आहेत. उत्खननात सातवाहनांची शिशाची नाणी निघाली, रोमन चांदीची नाणीही. सातवाहन म्हणजे आपलं पैठण, आपला नाणेघाट! जुन्नरचा घाट चढणाऱ्या आणि इथला समुद्र पाहणाऱ्या माणसांच्या कनवटीला एकाच घराण्याची नाणी असतील, या विचाराने मला तिथल्या दगडावर बसून मोठी गंमत वाटली. तिथे सावली कमी, तेव्हा नऊच्या आत खाली उतरा.

तिथून पुढे भीमिलीच्या वाटेवर एर्रा मट्टी दिब्बलु, म्हणजे लाल मातीचे ढिगारे. समुद्राला लागून लाल वाळूच्या टेकड्या आणि पावसाने कापलेल्या खोल घळी. हजारो वर्षांच्या वाऱ्याने आणि समुद्राच्या चढउताराने त्या घडल्या. रंग आला तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. हे तिथे गेले, मूठभर वाळू हातात घेतली आणि म्हणाले, "अगं, हा तर गंज! याच्याशी मी तीस वर्षं भांडलो." २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या संभाव्य यादीत नवी नैसर्गिक स्थळं घातली. त्यात या लाल टेकड्या आहेत, आणि त्याच यादीत आपलं पाचगणी-महाबळेश्वरही आहे. पण यादीत नाव आल्याने टेकडी वाचत नाही. वाळूच ती, पायाने ढासळते. कडेवर चढू नका, मुलांना घसरगुंडी करू देऊ नका आणि पिशवीत भरून माती आणू नका. आपण पाहिलं ते नातवंडांना दिसलं पाहिजे.

भीमिलीला गोस्थनी नदी समुद्राला मिळते. तिथे डचांचं जुनं कबरस्तान आहे. त्यांची इथे वखार होती. १७५४ मध्ये मराठ्यांच्या फौजेने ती लुटल्याची नोंद आहे. म्हणजे आपली माणसं भीमिलीला पूर्वीही येऊन गेली, फक्त फिरायला आली नव्हती.

चौथा रविवार गावखेड्याचा. सकाळची गाडी पकडून अनकापल्लीला उतरायचं आणि तीन-चार किलोमीटरवरच्या शंकरम गावापर्यंत चालत जायचं. दोन्ही बाजूंना भात आणि ऊस. गावाजवळ बोज्जनकोंडा, तिथे अख्खी टेकडी कोरून स्तूप केले आहेत. अनकापल्लीचा गूळ प्रसिद्ध, इथे त्याला 'बेल्लम' म्हणतात. एका हिवाळ्यात वाटेवर गुऱ्हाळ लागलं. काहिलीतून तोच वास येत होता. यांचं आजोळ कोल्हापूरकडचं. हे काठावर उभे राहिले, ते हलेचनात. गुऱ्हाळवाल्याने पानावर गरम काकवी वाढली आणि आपण काय चुकतो ते यांच्याकडून विचारून घेऊ लागला. याने तेलुगूत बोलायचं, यांनी मराठीत, आणि दोघांना सगळं कळत होतं. साखर असलेल्या माणसाने त्या दिवशी किती काकवी खाल्ली ते मी इथे सांगत नाही.

असं करता करता वर्ष संपत आलं आणि २०१८ चा आषाढ आला.

आपली आषाढी एकादशी झाली की चार-पाच दिवसांनी पौर्णिमेला इथे सिंहाचलमची गिरिप्रदक्षिणा असते. सिंहाद्री अप्पन्नाच्या डोंगराभोवती बत्तीस किलोमीटर चालायचं. आदल्या दुपारी डोंगराच्या पायथ्याशी 'तोली पावंचा' म्हणजे पहिल्या पायरीवर नारळ फोडून निघायचं आणि रात्रभर चालत परत तिथेच यायचं. लाखो लोक असतात. माझी आजी वारी करायची. मी कधी केली नाही. मला वाटलं, जाण्याआधी ही तरी करू. हे म्हणाले, "चल, सह्याद्री नाही तर सिंहाद्री."

एवढं फिरून झाल्यावर मला त्या रात्री कळलं, की या एका प्रदक्षिणेत आमचे चारही रविवार आहेत. अडविवरमकडून मुडसरलोवाच्या तलावाकाठी डोंगर आणि झाडी. मग हनुमंतवाकाचा हमरस्ता. मग जोडुगुल्लपालेमला समुद्र, लोक त्यात पाय बुडवून पुढे निघतात. मग शहर. घराघरांपुढे लोक मज्जिग म्हणजे ताक, केळी, पुलिहोरा घेऊन उभे. कुणी कुणाला जात-गाव विचारत नाही, हातात पेला ठेवतात.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही आमच्याच बिल्डिंगवरून गेलो. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. पण इसुकतोटाला पोचेपर्यंत यांचा गुडघा टम्म सुजला. एका घराच्या पायरीवर हे बसले. आतून एक आजी आली. काही न विचारता गरम पाण्याचं पातेलं आणि फडकं घेऊन आली, आणि शेकायला लागली. शेकता शेकता तिने विचारलं, "मीदी ए ऊरु, बाबू?"

मी ऐकत होते. उत्तर मला पाठ होतं. पण हे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "इक्कडे."

तेलुगूत 'इक्कडे' म्हणजे इथलंच. आपल्या 'इकडे'सारखंच. मला आजही कळत नाही की त्या क्षणी हे तेलुगू बोलले की मराठी. आजीने मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही. मला वाटलं.

यांना पुढे चालवेना. मला म्हणाले, "तू जा. मी रिक्षाने घरी जातो." आता हे ऐका. मी एकोणतीस वर्षांत जगदंबाला एकटी बसने गेले नव्हते. आणि त्या रात्री मी माधवधारा, मुरलीनगर, एन.ए.डी. करत पंधरा-सोळा किलोमीटर एकटी चालले. एकटी म्हणायला, भोवती सगळं शहर होतं. एका ठिकाणी पोरींच्या घोळक्याने मला मधे घेतलं आणि 'अक्का, अक्का' करत पुढे नेलं. पहाटे पहिल्या पायरीशी पोचले तेव्हा पायांत त्राण नव्हतं आणि भीतीही नव्हती.

घरी आले. यांनी चहा केला होता. चहा पिताना हे म्हणाले, "उरलेली खोकी उघडू या का?"

फ्लॅटचा ताबा पुढे मिळाला. तो आम्ही भाड्याने दिला. वर्षासाठी आलो होतो ते आठ वर्षांच्या वर राहिलो. मधे कोरोनात गच्चीवर फेऱ्या घातल्या, आणि वहीत 'समुद्र' लिहून गच्चीतून समुद्राकडे बघत चाललो. पुढे यांनी गिरिप्रदक्षिणा पुरी केली, दोन वेळा.

आता मुलीचा आग्रह आहे. यांचा गुडघा पुन्हा बोलायला लागला आहे, माझंही वय झालं. जायला हवं. खरं सांगते, २०१७ साली गेलो असतो तर हसत गेलो असतो, बदली झाल्यासारखे. आता तसं होणार नाही. रोज काहीतरी आठवून गळा भरून येतो. पण मला वाटतं, हीच आमची कमाई. तीस वर्षं राहून गाव सोडताना काहीच दुखलं नाही, तर आपण तिथे राहिलो कुठे?

इथे नवी मंडळी पुष्कळ दिसतात. मधुरवाड्याला राहता, कंपनीच्या गाडीने जाता-येता, शनिवार-रविवारी मॉल. तुमच्या तोंडी मी तेच वाक्य ऐकते, "काकू, आपलं इथं काय आहे?" त्याचं उत्तर सांगून कळत नाही. महिन्यातले चार रविवार, पहाटे दोन तास, साधे बूट, पाण्याची बाटली, टोपी आणि तेलुगूतली दहा वाक्यं. एवढं भांडवल पुरतं. मराठी माणसांचाच घोळका करून मराठीतच बोलत चालू नका. वाटेत चहा घ्या, भाव विचारा, देवळाच्या पायरीवर बसा. कुणी गाव विचारलं तर उत्तर द्यायची घाई करू नका.

आमची ती वही मी आज सेक्रेटरींच्या स्वाधीन करते आहे. कुठली गाडी किती वाजता, कुठे सावली, कुठे पाणी, कुठल्या गल्लीत कुत्री, सगळं यांनी शिफ्टच्या नोंदीसारखं लिहिलेलं आहे. फक्त ती कपाटात ठेवू नका. येत्या रविवारी पाळी समुद्राची आहे. पहाटे साडेपाचला कालीमातेच्या देवळापाशी आम्ही दोघं असू. हे हळू चालतील, म्हणून तुम्हीही हळू चाला.

पुण्यालाही वेताळ टेकडी आहे, मुठेचा काठ आहे, पेठांतल्या गल्ल्या आहेत. समुद्र तेवढा नाही. जन्म पुण्याचा असून यातलं बरंच मी धड चालून पाहिलेलं नाही. तिथेही चार रकाने आखणार. आणि तिकडे कुणी विचारलंच, "तुमचं गाव कोणतं?", तर दोन नावं सांगेन.

माझे चार शब्द फारच लांबले. मोदकपात्राकडे आता तुम्ही बघा.

गणपती बाप्पा मोरया!